कबड्डीचा इलेक्ट्रॉनिक स्कोअरबोर्ड बिघडला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की सांगली जिल्ह्यात प्रकाशझोतातल्या कबड्डीचा हंगाम सुरू होतो, तो चैत्रातल्या जत्रांपर्यंत चालतो. पूर्वी टेबलाशेजारी फळा आणि खडू असायचा. आता वाळवा, पलूस, तासगाव, मिरज, कुठेही जा, साध्या मंडळाच्या मैदानावरही लॅपटॉपवरून चालणारा बोर्ड दिसतो. बोर्ड आले, पण ते चालवणारी पोरं बहुतेक वेळा त्याच दिवशी टेबलावर बसवलेली असतात. भर सामन्यात आकडे गोठले की चारी बाजूंनी आरडाओरडा त्यांच्यावरच होतो. हे पान त्या पोरांसाठी आहे.

मी हे बोर्ड बसवतो आणि दुरुस्त करतो. खाली लिहिलेलं सगळं मैदानावर, हातात मल्टिमीटर आणि स्क्रूड्रायव्हर एवढंच असताना करता येण्यासारखं आहे. उदाहरणं कबड्डीची असली तरी खो-खो आणि व्हॉलीबॉलचे बोर्ड आतून असेच असतात. मातीवरच्या निकाली कुस्तीला बोर्डाचं फारसं काम नसतं. मॅटवरच्या कुस्तीला मात्र हे सगळं लागू पडतं.

सामना चालू असताना बोर्ड बिघडला. सगळ्यात आधी काय करायचं?

लॅपटॉप रीस्टार्ट करायचा नाही. पहिली प्रतिक्रिया तीच असते आणि तिच्यामुळेच सामन्याचे गुण आणि उरलेला वेळ पुसला जातो.

आधी गुणलेखकाला सांगा की बोर्ड बंद आहे, सामना गुणपत्रिका आणि माइकवरच्या घोषणेवर चालेल. वेळाधिकाऱ्याच्या हातातलं स्टॉपवॉच चालू आहे याची खात्री करा. अधिकृत गुण गुणपत्रिकेतलेच असतात, त्यामुळे बोर्डासाठी सामना अडत नाही. हे एकदा टेबलावर सगळ्यांना माहीत असलं की निम्मा गोंधळ कमी होतो आणि तुम्हाला शांतपणे काम करता येतं.

मग लॅपटॉप सोडून बोर्डासमोर जाऊन उभे राहा. बोर्ड पूर्ण काळा आहे, की उजेड आहे पण आकडे हलत नाहीत, की आकडे हलतात पण चुकीचे दिसतात? या तिन्हींची कारणं अगदी वेगळी आहेत. काळा असेल तर वीज बघा. गोठला असेल तर लॅपटॉप आणि बोर्ड यांच्यातला संपर्क बघा. चुकीचा दिसत असेल तर बहुतेक वेळा बिघाड बोर्डाच्या पोटात असतो. बिघाड कुठे आहे हे बोर्ड स्वतःच सांगत असतो, आपण बघायला उभे राहत नाही एवढंच.

बोर्ड पूर्ण काळा आहे. फ्यूज तर ठीक दिसतो.

फ्यूजच्या आधी मंडपातली वीज तपासा. तात्पुरत्या जोडणीत सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे सैल न्यूट्रल. तीन फेजवरून प्रकाशझोत, साउंड आणि बोर्ड वेगवेगळे घेतलेले असतात. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथलं व्होल्टेज ३०० च्या वर चढतं. बोर्डाचा भार प्रकाशझोतांच्या मानाने किरकोळ असतो, त्यामुळे मार नेमका त्याला बसतो. म्हणून बोर्डाची पिन सॉकेटमध्ये घालण्याआधी मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल व्होल्टेज मोजायची सवय लावा. २३० च्या आसपास हवं. २५० च्या वर दिसलं किंवा आकडा सारखा उड्या मारत असला तर लाइटवाल्याला बोलवा, तोवर बोर्ड लावू नका. जनरेटरवर असाल तर प्रकाशझोत एकदम बंद-चालू होताना मीटरवर लक्ष ठेवा. भार अचानक सुटला की क्षणभर व्होल्टेज वर जातं.

बाहेरची वीज ठीक असेल तर पुढचा संशय एसएमपीएसवर. बोर्डाच्या आत जाळीदार पत्र्याची जी पेटी असते ती हीच. २३० व्होल्टचे ५ किंवा १२ व्होल्ट करणं हे तिचं काम. बहुतेक एसएमपीएसवर छोटा हिरवा दिवा असतो. दिवा बंद आणि आत येणारी वीज चालू, म्हणजे एसएमपीएस गेला, किंवा पुढच्या वायरींत कुठे तरी शॉर्ट आहे म्हणून त्याने स्वतःला बंद करून घेतलंय. कोणतं ते ओळखायला मुख्य वीज बंद करा, आउटपुटच्या वायरी सोडवा आणि पुन्हा चालू करा. आता दिवा लागला तर एसएमपीएस चांगला आहे, शॉर्ट पुढे शोधा.

नवीन एसएमपीएस बसवताना त्याच्या बाजूचा छोटा सरकता स्विच जरूर बघा. काहींवर ११५ आणि २३० असे दोन पर्याय असतात. तो ११५ वर राहिला आणि आपली वीज दिली की तो जागेवर जळतो. स्विच आत खोलवर असतो, पटकन दिसत नाही.

एसएमपीएसची पेटी मात्र उघडायची नाही. वीज काढल्यावरही आतले कपॅसिटर काही वेळ भरलेले असतात आणि त्यांचा झटका साधा नसतो.

बोर्डाच्या फ्रेमला हात लावला की मुंग्या येतात. हे चालतं का?

नाही. ताबडतोब वीज बंद करा. अर्थिंग नाही किंवा तुटलंय. दव पडलेलं मैदान, अनवाणी खेळाडू आणि लोखंडी फ्रेमला टेकलेली पोरं असा सगळा प्रकार असतो. फ्रेमला स्वतंत्र अर्थिंग आणि बोर्डाच्या जोडणीवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय सामना सुरू करू नका.

आकडे कमी असताना बोर्ड ठीक दिसतो, सगळे दिवे पेटले की फिका पडतो किंवा लुकलुकतो.

हे व्होल्टेज पडण्याचं लक्षण आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डात करंट भरपूर असतो आणि बारीक वायरीत तो वाटेतच जिरतो. एसएमपीएसपाशी ५ व्होल्ट दिसतील, पण सगळ्यात लांबच्या मॉड्यूलच्या, म्हणजे दिव्यांच्या तुकड्याच्या, टोकाशी मोजा. सगळे दिवे पेटलेले असताना तिथे साडेचारच्या खाली येत असेल तर दुखणं सापडलं.

उपाय म्हणून काही जण एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून व्होल्टेज वाढवतात. थोडं, म्हणजे ५.२ पर्यंत चालतं. त्याच्या वर गेलात तर जवळची मॉड्यूल जळायला लागतात. खरा उपाय म्हणजे जाड वायर टाकणं आणि ती एका मॉड्यूलवरून दुसऱ्यावर उड्या मारत न नेता दर तीन-चार मॉड्यूलना एसएमपीएसपासून स्वतंत्र नेणं. बोर्ड मोठा असेल तर दोन एसएमपीएस लावा. त्यांचे प्लस एकमेकांना जोडू नका, मायनस मात्र एकत्र असू द्या.

आकडे गोठले आहेत, पण घड्याळ चालू आहे. असं कसं?

म्हणजे तुमच्या बोर्डाचं घड्याळ बोर्डाच्या आतल्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्या सर्किटमध्ये, चालतं आणि लॅपटॉपचा संपर्क तुटलाय. बोर्ड शेवटचा मिळालेला आकडा धरून ठेवतो, म्हणून २१-१७ वर अडकतो. पुढे तीन चढाया झाल्या तरी त्याला कळत नाही. बोर्डाची वीज बंद करू नका, नाहीतर चालू असलेलं घड्याळही जाईल.

घड्याळही थांबलं असेल तर दोन शक्यता. घड्याळ लॅपटॉपच्या प्रोग्रॅममध्ये चालत असेल, तर संपर्क तुटला की दोन्ही एकदम थांबतात. नाहीतर कंट्रोलरच अडकलाय. तुमच्या बोर्डाचं घड्याळ नेमकं कुठे चालतं हे हंगामाच्या सुरुवातीलाच बघून ठेवा: घड्याळ सुरू करा, केबल काढा आणि बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

लॅपटॉपवर "पोर्ट सापडत नाही" असं येतं. काल तर चालत होतं.

काल यूएसबीची पिन डावीकडच्या खाचेत होती, आज उजवीकडच्या. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरला (लॅपटॉपची यूएसबी आणि बोर्डाची केबल जोडणाऱ्या डबीला) विंडोज प्रत्येक खाचेसाठी वेगळा कॉम पोर्ट नंबर देऊ शकतं. प्रोग्रॅम अजून जुना नंबर शोधत बसलेला असतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा, पोर्ट्सच्या खाली कन्व्हर्टर कोणत्या नंबरवर आलाय ते बघा आणि प्रोग्रॅममध्ये तो निवडा. नंबर १० किंवा त्याच्या पुढचा आला तर काही जुने प्रोग्रॅम तो दाखवतच नाहीत. मग तिथेच त्या पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन त्याला ३ किंवा ४ असा नंबर द्या. आणि कन्व्हर्टर कायम एकाच खाचेत लावा, तिथे रंगीत टेप चिकटवून ठेवा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर ड्रायव्हरची अडचण आहे. कन्व्हर्टरमध्ये सहसा सीएच३४०, एफटी२३२ किंवा पीएल२३०३ यांपैकी एक चिप असते. पीएल२३०३च्या नकली आणि जुन्या चिप नव्या ड्रायव्हरवर चालत नाहीत. मैदानावर यात वेळ घालवू नका, दुसरा कन्व्हर्टर लावा. ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, कारण गर्दीत मोबाइल इंटरनेट चालेलच असं नाही.

"पोर्ट वापरात आहे" असं आलं तर तोच प्रोग्रॅम दुसऱ्यांदा उघडला गेलाय. टास्क मॅनेजरमधून जुना बंद करा.

दर पंधरा-वीस मिनिटांनी संपर्क आपोआप तुटतो.

विंडोज वीज वाचवतंय. स्लीप बंद करा, झाकण मिटल्यावर काहीही होऊ नये असं सेटिंग ठेवा आणि पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. सामन्याच्या दिवशी विंडोज अपडेट पुढे ढकला. स्पर्धेचा लॅपटॉप इंटरनेटपासून तोडलेला असेल तर उत्तम.

बिघाड लॅपटॉपकडे आहे की बोर्डाकडे, हे पक्कं कसं ठरवायचं?

आरएस-२३२चा, म्हणजे नऊ पिनांचा कन्व्हर्टर असेल तर एक फार चांगली चाचणी आहे. बोर्डाकडे जाणारी केबल काढा. कन्व्हर्टरच्या पिन २ आणि ३ लहानशा वायरीने एकमेकींना जोडा. साधा टर्मिनल प्रोग्रॅम उघडून काहीही टाइप करा. टाइप केलेली अक्षरं परत स्क्रीनवर उमटली तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर तिन्ही चांगले आहेत. मग केबल आणि बोर्डाकडे वळा. उमटली नाहीत तर बोर्ड उघडायची गरजच नाही.

बोर्डावर भलतीच अक्षरं किंवा मधेच उड्या मारणारे आकडे येतात.

कायम भलतंच येत असेल तर बॉड रेट, म्हणजे माहिती पाठवायचा वेग, बघा. बोर्ड ९६०० वर ऐकतोय आणि प्रोग्रॅम १९२०० वर बोलतोय असं असलं की कचरा येणारच. बोर्डाच्या कागदांत हा आकडा असतो. तो कंट्रोलरच्या पेटीवर मार्करने लिहून ठेवा.

कधी बरोबर, कधी भलतं असं होत असेल तर केबल. आरएस-२३२ साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची आहे. टेबल मैदानाच्या एका कडेला आणि बोर्ड गॅलरीवर असला की केबल सहज चाळीस-पन्नास मीटर होते. तिथे आरएस-४८५ हवी. ती १२०० मीटरपर्यंत जाते. तिच्यात ए आणि बी अशा दोन वायरी असतात. त्या उलट लागल्या तर बोर्ड गप्प राहतो किंवा बडबडतो, जळत मात्र नाही, म्हणून अदलाबदल करून बघायला हरकत नाही. या दोन वायरी लॅन केबलमधल्या एकाच पिळाच्या जोडीतून न्या, उदाहरणार्थ निळी आणि पांढरी-निळी. वेगवेगळ्या जोड्यांमधली एकेक वायर घेतली की पिळाचा फायदा जातो. लांब केबलच्या दोन्ही टोकांना ए आणि बीच्या मध्ये १२० ओहमचा रेझिस्टर लागतो. दोन बोर्ड असतील तर पहिल्यावरून दुसऱ्याला असं पुढे न्या, मधून फाटा काढू नका.

केबल कुठून गेली आहे तेही चालत जाऊन बघा. मंडपवाले सगळ्या वायरी एकत्र बांधतात: प्रकाशझोताची, स्पीकरची आणि तुमची. तुमची त्यांच्यापासून हातभर लांब ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. आणि प्रेक्षकांच्या पायांखालून जात असेल तर पाइपमधून न्या.

भोंगा वाजला की बोर्ड रीसेट होतो.

मध्यंतराला भोंगा वाजतो आणि बोर्डावर सगळं शून्य होतं. भोंगा चालू-बंद करणाऱ्या रिलेच्या कॉइलमधून वीज सुटताना उलटा झटका येतो आणि तो कंट्रोलरला हादरवतो. डीसी कॉइल असेल तर तिच्यावर १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू प्लसकडे. भोंगा स्वतः २३० व्होल्टचा असेल तर त्याच्या रिलेच्या संपर्कांवर स्नबर, म्हणजे झटका जिरवणारी छोटी जोडणी, लागते. ती इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. भोंग्याची वीज बोर्डाच्या सॉकेटवरून घेऊ नका. हे करूनही लॅपटॉपचा यूएसबी प्रत्येक भोंग्याला तुटत असेल तर आयसोलेटेड प्रकारचा, म्हणजे लॅपटॉप आणि बोर्ड यांची वीज वेगळी ठेवणारा, कन्व्हर्टर घ्या. साध्यापेक्षा महाग असतो, पण जनरेटरवरच्या मैदानात मी दुसरा वापरत नाही.

बोर्डावर २६ दिसतं आणि गुणपत्रिकेत २८ आहे. ऑपरेटर शपथेवर सांगतो की त्याने २८ च टाकलेत.

ऑपरेटरवर विश्वास ठेवा आणि आकडा जवळून बघा. हा प्रकार सगळ्यात धोकादायक आहे, कारण बोर्ड बिघडलाय असं वाटतच नाही.

मोठे आकडे सात पट्ट्यांचे असतात: वर, मधे आणि खाली एकेक आडवी, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या. बोर्डावरच्या इंग्रजी आठाला सातही पट्ट्या लागतात. उजवीकडची वरची पट्टी गेली की आठाचा सहा दिसतो. डावीकडची खालची गेली की आठाचा नऊ. मधली गेली की आठाचा शून्य. तसंच वरची आडवी गेली की साताचा एक होतो. एका गुणाच्या फरकाने सामना चालू असताना मैदानावरच्या हजार लोकांना खोटा आकडा दिसतो, आणि मग पंचांवर राग निघतो. म्हणून प्रत्येक सामन्याआधी, संघ मैदानात उतरण्यापूर्वी, सगळ्या खान्यांत आठ टाकून बघायचेच. ८८-८८ आणि घड्याळात ८८:८८. पाच सेकंदांत सगळ्या पट्ट्या तपासून होतात.

सामन्यात पट्टी गेलीच तर गुण माइकवरून दर चढाईनंतर सांगायला लावा. तो खाना बंद करता येत असेल तर बंद करा. अर्धवट आकड्यापेक्षा काळा खाना बरा.

दुरुस्ती करताना पट्टी पूर्ण गेली की अर्धी, ते बघा. एका पट्टीत एलईडींच्या तीन-चार माळा असतात. माळेतला एक दिवा तुटला की ती माळ विझते आणि पट्टीचा तुकडा काळा पडतो. ते सोल्डरचा डाग लावून सुधारतं. पूर्ण पट्टी गेली असेल किंवा कायम पेटलेली राहत असेल तर ती चालवणारी चिप बघा, बऱ्याच बोर्डांत ती यूएलएन२८०३ असते. चिप की पट्टी, हे ठरवायला शेजारच्या खान्याची जोडणी अदलाबदल करा. दोष आकड्यासोबत गेला तर आकड्यात, जागेवरच राहिला तर कंट्रोलरमध्ये. जागा बदलून बघण्याची ही पद्धत प्रत्येक भागाला लागू पडते.

आमचा बोर्ड पी१० मॉड्यूलचा आहे. त्याचे अर्धे मॉड्यूल काळे झालेत.

पी१० म्हणजे ३२ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर उंच तुकडा, त्यात ३२ गुणिले १६ ठिपके. माहिती एका तुकड्यातून दुसऱ्यात १६ पिनांच्या चपट्या केबलने पुढे जाते. मागे बाण असतो, तो माहितीची दिशा दाखवतो.

एका ठिकाणापासून पुढचे सगळे गेले असतील तर दोष शेवटच्या चांगल्या आणि पहिल्या वाईट तुकड्यात, किंवा त्यांच्यामधल्या केबलमध्ये. फक्त एक काळा आणि पुढचे चालू, म्हणजे दोष त्या एकाच तुकड्यात. आठ ठिपक्यांच्या रुंदीचा पट्टा बिघडला तर ७४एचसी५९५ चिप. एका तुकड्यात दर चौथी ओळ काळी, तर ओळी निवडणारी ७४एचसी१३८ किंवा तिच्या पुढची ४९५३. या बोर्डात ओळी चार गटांनी आळीपाळीने पेटतात, म्हणून चौथी. मैदानावर चिप बदलत बसू नका, तुकडाच बदला आणि चिपचं काम घरी करा.

केबल मात्र आधी बघा. बहुतेक वेळा तिथेच असतं. एक चपटी केबल काढून तिचं कनेक्टर उजेडात धरा: सोळा बारीक भोकं, आणि त्यांतल्या तीन-चार भोकांत घट्ट बसलेला गुलाबी थर. विजयी संघाचा गुलाल. दिसायला कोरडा असतो, पण रात्रीचं दव पिऊन त्याचा लगदा होतो, पिना हिरव्या पडतात आणि संपर्क जातो. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, वाळू द्या, दोन-तीनदा काढ-घाल करा. तेल किंवा तुपाचा हात लावू नका. मिरवणूक बोर्डापासून लांब न्यायची विनंती आधीच माइकवरून करा, पोरं ऐकतात.

संघाचं नाव मराठीत टाकलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते.

बोर्डाच्या सोबत येणारे बरेच प्रोग्रॅम देवनागरी नुसती एकापुढे एक अक्षरं म्हणून मांडतात. त्यांना "क्र" जोडायचा आहे हे कळत नाही, "कि"ची वेलांटी आधी काढायची हेही नाही. फाँट बदलून हे सुटत नाही. नाव चित्र म्हणून पाठवा: साध्या पेंट प्रोग्रॅममध्ये बोर्डाच्या ठिपक्यांएवढ्याच मापाचं काळं चित्र घ्या, त्यावर पांढऱ्या अक्षरांत युनिकोड फाँटने नाव लिहा, अक्षरांच्या कडा मऊ करणारं सेटिंग बंद ठेवा आणि ते चित्र बोर्डावर टाका. स्पर्धेतल्या सगळ्या संघांची चित्रं आदल्या दिवशी करून ठेवा.

उंचीचाही प्रश्न आहे. १६ ठिपक्यांत इंग्रजी अक्षर मोकळं बसतं. मराठीला शिरोरेषा, तिच्यावर मात्रा आणि रफार, खाली उकार लागतात. "कुंडल" किंवा "सूर्योदय" १६ ठिपक्यांत लांबून वाचता येत नाही. दोन ओळींचा, म्हणजे ३२ ठिपक्यांचा बोर्ड घ्या. गावाचं नाव नीट वाचता येणं ही छोटी गोष्ट नाही. खेळाडूंच्या घरची माणसं ते नाव बघायलाच उभी असतात.

वायरलेस बोर्ड दुपारी चालतो, संध्याकाळी गर्दी झाली की अडखळतो.

माणसाचं शरीर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं आणि गर्दीत शेकडो मोबाइल त्याच पट्ट्यात असतात. अँटेना दोन्हीकडे डोक्यांच्या वर, निदान आठ-दहा फुटांवर चढवा आणि मधे पत्रा येऊ देऊ नका. तरी अडलं तर केबल टाका. अंतिम सामन्याला मी वायरलेसवर विसंबायला सांगणार नाही.

बोर्डावर एखादा गुण जास्त होतो.

बटण झिजलं की एका दाबात दोनदा लागतं. कीबोर्डवर बोट रेंगाळलं तरीही. बोनस, गडी बाद आणि 'लोण'चे (समोरचा पूर्ण संघ बाद केल्याचे) दोन गुण एकाच चढाईत आले की घाईत मोजदाद चुकते. पंचांची खूण झाल्यावर आणि गुणलेखकाने लिहिल्यावरच गुण टाका. प्रोग्रॅममध्ये "एक वाढवा"सोबत एकूण आकडा थेट टाकायची सोय असेल तर चूक दुरुस्त करायला तीच वापरा. दर टाइम-आउटला गुणपत्रिकेशी ताळा करा.

मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करताना बोर्डावर काळे पट्टे फिरतात.

बोर्डाचे दिवे आळीपाळीने पेटतात, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवा. बोर्डाचा उजेड फार कमी केला असेल तर थोडा वाढवा.

भाड्याने आणलेल्या एलईडी वॉलवर लॅपटॉपचा सगळा डेस्कटॉप दिसतो, किंवा काहीच दिसत नाही.

विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा आणि एक्स्टेंड निवडा. चित्र कापलं जात असेल तर रिझोल्यूशन सेंडिंग कार्डला (लॅपटॉपचं चित्र वॉलकडे पाठवणाऱ्या कार्डाला) लागतं तेवढं करा. वॉलच्या आतलं, ते चित्र घेणारं रिसीव्हिंग कार्ड बदललं तर त्यात वॉलची कॉन्फिगरेशन फाइल पुन्हा भरावी लागते. भाड्याने देणाऱ्याकडून ती फाइल पेन ड्राइव्हवर आधीच मागून घ्या.

पावसाळ्यात बोर्ड कसा ठेवायचा? आमचं गोदाम नदीकाठी आहे.

मग तो हंगाम संपल्यावर वरच्या मजल्यावरच ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत कुठवर आलं ते सगळ्यांनी पाहिलंय. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. पाणी ४० कडे सरकायला लागलं की घरातल्या सामानासोबत कंट्रोलर आणि एसएमपीएसही हलवा. फ्रेम राहिली तर राहू द्या.

बुडालेला बोर्ड सुरू करून बघू नका. एसएमपीएस आणि रिले टाकून द्या. आकड्यांच्या प्लेटा आणि मॉड्यूल पुष्कळदा वाचतात: गाळ वाळायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा, अल्कोहोलने पुसा, सावलीत पंख्याखाली काही दिवस वाळवा, मग एकेक करून तपासा. गाळ एकदा पिनांखाली वाळला की तो पुढे ओल धरून तांबं खात राहतो.

साध्या पावसासाठी एवढंच: पेटी वरून आणि बाजूंनी बंद, तळाला जाळी लावलेली भोकं. तळही सिलिकॉनने बंद केला तर आत साचलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि एप्रिलच्या उन्हात पेटी तापते. जाळी बारीक हवी, पालींना आणि मुंग्यांना ऊब आवडते. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की वीज बंद करण्यावर थांबू नका, पिन आणि डेटा केबल दोन्ही काढा.

सोबत काय ठेवावं?

मल्टिमीटर, एक जास्तीचा एसएमपीएस, एक कन्व्हर्टर, दोन मॉड्यूल किंवा एक आकडा, चार चपट्या केबल, ब्रश आणि अल्कोहोल. आणि हाताने पालटायचे पुठ्ठ्याचे मोठे आकडे. ते दोन पोरांच्या हाती दिले की बोर्ड दुरुस्त होईपर्यंत प्रेक्षकांचं काही अडत नाही.

नवीन बोर्ड घेताना काय विचारायचं?

लॅपटॉप प्रत्येक वेळी पूर्ण आकडा पाठवतो की फक्त "एक वाढव" एवढंच? पूर्ण आकडा हवा. मग मधला एखादा संदेश हरवला तरी पुढच्या संदेशाला बोर्ड आपोआप बरोबर होतो. वीज गेल्यावर गुण आणि वेळ लक्षात राहतात का? चढाईचं ३० सेकंदांचं घड्याळ वेगळं आहे का? आणि प्रोग्रॅम दुसऱ्या लॅपटॉपवर टाकता येतो का? काही विक्रेते तो एकाच यंत्राला बांधून देतात, आणि तो लॅपटॉप पडला की बोर्ड असून नसल्यासारखा.

एवढं करूनही नाही जमलं. कारागिराला फोन करताना काय सांगायचं?

"बोर्ड चालत नाही" एवढं सांगू नका. काळा, गोठलेला की चुकीचा, ते सांगा. एसएमपीएसचा दिवा लागतो का, लांबच्या टोकाला किती व्होल्ट, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोणता पोर्ट, बिघाड झाला तेव्हा आणखी काय घडलं: भोंगा, जनरेटर बदलला, पाऊस. बोर्डाचा समोरून फोटो आणि मागचं दार उघडून एक फोटो पाठवा. समोरचा काढताना सगळ्या खान्यांत आठ टाकलेले असू द्या.